राहूची पाहणी

पोपटरावांनी डाळिंबांचा खोका डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि बोटभर बाजूला सरकवला, म्हणजे तो दिसेल पण आड येणार नाही.

“हे काय?” डॉ. सारिका म्हणाल्या.

“मळ्यातलीच हायती. पोरांना खायाला.”

“मग बाहेर ठेवा. वाटीनं मोजून सगळ्यांना देऊ. फळ चालतं इथल्या मुलांना, फक्त मोजून.”

खोका परत उचलून दाराशी नेताना पोपटरावांना वाटलं, सुरुवात काही बरोबर झाली नाही. निमोण्याचे ते तीन वेळा सरपंच होते. गावचा रस्ता, विजेचा डीपी, दुपारची एसटी, सगळं त्यांनीच आणलं होतं. आणि आजवर पहिल्या भेटीत समोरच्यानं निदान खोका तरी ठेवून घेतला होता.

शिरूरच्या या दवाखान्यात महिन्यातल्या एका रविवारी मधुमेहाची मुलं येत. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतली. कुणी सहावीतलं, कुणी अजून शाळेतही न गेलेलं. अनुपमाला, म्हणजे त्यांच्या नातीला, अनूला, हा आजार निघाला तेव्हा पोपटराव डॉक्टरांवरच चिडले होते. साखर म्हाताऱ्यांना होते, पोरीला कशी होईल? मग हळूहळू कळलं की हिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही, ते बाहेरूनच द्यायचं, रोज, प्रत्येक जेवणाआधी, जन्मभर. आता अनू स्वतःच पेन लावून टोचून घ्यायची आणि पोपटराव, तिची साखर एकदम उतरली तर म्हणून, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत.

ते परत येऊन खुर्चीत बसले.

“मॅडम, त्या इन्शुलिनच्या पंपाचं काय झालं?”

“एक मिळालाय. पुण्याची एक संस्था देतेय, नळ्या-बिळ्या सगळ्यासकट. नुसता पंप घेऊन भागत नाही, त्याचं सामान कायम लागतं. म्हणून सध्या एकच.”

“मंग आमच्या अनूला द्या.”

“दोन नावं आहेत, पोपटराव. ज्याला जास्त गरज, त्याला.”

“कुणाच्या हातात हाय हे?”

“माझ्या एकटीच्या नाही. आम्ही डॉक्टर बसून ठरवणार. संस्थेचा माणूस दोन्ही घरं बघून जाईल. पुढच्या रविवारी, म्हणजे पुढच्या महिन्यात, सांगते.”

“दुसरं नाव कुणाचं?”

डॉक्टरांनी नुसतं हसून पुढच्या मुलाला हाक मारली.

नाव कळायला मात्र फार वेळ लागला नाही. जीपमध्ये बसल्या बसल्या अनूनंच सांगितलं. “राहू गावचा माऊली. मला दीदी म्हणतो. पहिलीत हाय, पण दात एकपण न्हाई पुढचा.” मग ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “आबा, पंप कमरेला असतो. मोबाईलएवढा. बटण दाबलं की झालं. मला मिळाला ना, तर मला पोरींसंगं डबा खाता येईल.”

“आत्ता खात न्हाईस व्हय?”

“हेडसरांच्या खोलीत जाऊन टोचावं लागतं. येईपर्यंत त्यांचं खाऊन होतं.”

हे पोपटरावांना नवीन होतं. त्यांनी गिअर बदलला.

*

निवडणुकीत उभं राहायचं तर समोरच्याचं घर कसं आहे हे बघून यायचं, ही त्यांची जुनी सवय. आठवड्याच्या आतच त्यांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले, बायकोला, मुक्ताबाईंना, “जरा काम हाय” एवढंच सांगितलं आणि न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून राहूला पोचले. फुलाच्या गिऱ्हाइकाचं सोंग घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

माऊलीचं घर मळ्यातच होतं. समोर झेंडूचं वावर पिवळंधमक फुललं होतं आणि त्यात एक बाई ओटीत फुलं तोडत होत्या. जीप बघून त्या लगबगीनं बांधावर आल्या, ओटीतली फुलं क्रेटमध्ये ओतली आणि पदरानं हात पुसले.

“या साहेब, या. डॉक्टरीणबाई म्हणल्याच हुत्या, संस्थेचे साहेब घर बघाया येतील म्हणून. मी शेवंताबाई, माऊलीची आजी.”

पोपटरावांनी तोंड उघडलं. फुलांचा भाव विचारायला म्हणून उघडलेलं ते तोंड, पण साहेब म्हटल्यावर नाही म्हणायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती.

“हं,” ते म्हणाले. “बघू तर.”

“त्याचा बाप फुलं घिऊन मार्केटयार्डाला गेलाय, आन् सून बँकेत. मीच हाय घरी. चालंल न्हवं?”

“चालंल.”

घर बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ग्रामपंचायतीच्या पाहणीत विचारतात ते त्यांनी विचारलं. संडास आहे का, नळाला पाणी किती वेळ येतं, लाइट कधी जाते. शेवंताबाईंनी सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी फ्रिज उघडून दाखवला. दाराच्या कप्प्यात एका प्लास्टिकच्या डब्यात इन्शुलिन होतं आणि शेजारी कोथिंबिरीची जुडी.

“कोथमीर बाजूला ठिवू का?” त्यांनी काळजीनं विचारलं.

“राहू द्या,” पोपटराव म्हणाले. “कोथमिरीचं काय न्हाई.”

बाहेर रिकाम्या क्रेटची रांग लावून एक मुलगा त्यात उभा होता. पुढचे दात नसलेला. त्यानं हातातला चमचा ताटलीवर दोनदा वाजवला.

“दौंड, दौंड, दौंड! पाटस, कुरकुंभ न्हाई थांबणार! पाठीमागं चला!”

“आज शाळंला सुट्टी, दिवसभर येष्टीच चालवतोय,” शेवंताबाई चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. “साहेब, साखर किती टाकू?”

“बिनसाखरेचा.”

“तुमालाबी हाय का?”

“न्हाई. सवय लागली,” पोपटराव म्हणाले. घरात अनूसमोर गोड चहा प्यायचा नाही म्हणून सगळ्यांनीच साखर सोडली होती. पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

ते ओट्यावर बसले. मनाशी त्यांनी हिशोब मांडायला घेतला. घर नीट आहे. बाई व्यवस्थित आहे. ह्यांच्याविरुद्ध बोलायला तसं काही सापडत नाही. राहिली ती कोथमीर. तेवढ्यात चहा गाळता गाळता शेवंताबाईंचा हात थांबला.

“आवाज बंद झाला,” त्या म्हणाल्या आणि भांडं तसंच ठेवून बाहेर धावल्या.

पोपटराव त्यांच्या आधी पोचले. माऊली क्रेटमध्ये बसला होता. चमचा मांडीवर पडलेला. कपाळावर घामाचे थेंब, डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. पोपटरावांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं, खिशातली पुडी दातांनी फाडली आणि ओरडले, “पाणी आणा, घोटभर!” शेवंताबाईंनी तांब्या पुढं केला. त्यांनी हातातल्या तांब्यातच पूड कालवली आणि मुलाच्या ओठाला लावली.

“पी बाळा. घोट घे. अजून एक. शाबास.”

शेवंताबाईंनी साखर बघायचं मशीन आणून त्याच्या बोटाला लावलं. आकडा बघून त्या तिथंच खाली बसल्या. दोघं थांबून राहिले. थोड्या वेळानं पुन्हा बोट टोचलं, आकडा वर सरकला होता. माऊलीनं मान वळवून आपण कुणाच्या मांडीवर आहोत ते बघितलं.

“तिकीट काढलं का तुमी?” त्यानं विचारलं.

शेवंताबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग भाकरी-भाजी आणून त्या नातवाला भरवू लागल्या.

“त्येला कळतच न्हाई, साहेब. मोठी पोरं सांगत्यात म्हणं, गरगरतंय, हात कापतोय. ह्यो बोलता बोलता गप होतो. म्हणून मी त्याला सारखा वरडत ठिवते. गाणी म्हण, गाडी चालव. आवाज चालू हाय तवर मला फुलं तोडता येत्यात.”

“डॉक्टर काय म्हंत्यात?”

“त्येचं इन्शुलिन लई थोडं लागतं. सुईनं इतकं थोडं नीट देता येत न्हाई. जरासं जास्त झालं की असं. पंप म्हणं टिपक्याच्याबी टिपक्यानं देतो.”

पोपटराव मांडीवरच्या पोराकडं बघत राहिले. अनू कशी धावत येते, “आबा, गरगरतंय” म्हणून हात पुढं करते आणि त्या हातावर पुडी रिकामी केली की वर रागावते, चव घाण आहे म्हणून. तिला कळतं. तिला सांगता येतं.

निघताना शेवंताबाईंनी केळीच्या पानात बांधलेला झेंडू जीपमध्ये ठेवला. नको म्हणायला त्यांनी वेळच दिला नाही.

“परत या, साहेब. येताना पोरीलाबी आणा.”

“आणीन,” पोपटराव म्हणाले आणि जीप चालू केली.

पारगावच्या पुलावर आल्यावर त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. पोरीचं नाव त्यांनी तिथं एकदाही काढलं नव्हतं, म्हणजे बाईंनी त्यांना ओळखलं होतं. मागचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला तेव्हा ते एकटेच हसत होते.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या सुमारास ते अनूच्या शाळेत गेले. वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर मुली गोल करून डबे उघडत होत्या. अनू आपली छोटी पिशवी घेऊन हेडसरांच्या खोलीकडं चालली होती. ती परत आली तोवर मुली नळावर डबे धूत होत्या. ती एकटी कट्ट्यावर बसली आणि भराभर खाऊ लागली. पोपटराव तिच्या शेजारी जाऊन बसले.

“आबा? तुमी कसं काय?”

“तुझा डबा खायाला.”

तिनं अर्धी चपाती त्यांच्या हातावर ठेवली. दोघं काही वेळ चावत बसले.

“काल मी राहूला गेलतो.”

“माऊलीकडं? कंडक्टर झालता का?” अनूचे डोळे चमकले. “दवाखान्यातपण बाकावर चढून तिकिटं फाडतो.”

पोपटरावांनी सगळं सांगितलं. आवाज बंद झाला ते, घाम, आणि आजी त्याला दिवसभर गाणी म्हणायला का लावते ते. साहेबाचं मात्र त्यांनी गाळलं. अनूनं चपाती डब्यात परत ठेवली.

“मंग पंप त्याला देणार?”

“देणारा मी कोण?”

“तुमी म्हणाल तसंच तर होतं सगळं.” ती पायानं माती उकरू लागली. “आबा, तुमी माझे हायत का त्याचे?”

 पोपटरावांनी डब्याचं झाकण उचललं, ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि परत लावलं. घंटा झाली. अनू उठून गेली, मागं न बघता.

रात्री आजोबा-नात जेवायला बसले. मुक्ताबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत वाढत होत्या. शेवटी ताटातला भात चिवडत अनूच म्हणाली, “त्यो लहान हाय. त्याला कळत न्हाई, ते मला म्हाईत हाय. एकदा दवाखान्यात माझ्या अंगावर कलंडला तवा मला वाटलं झोपलाच.” मग थोड्या वेळानं, “पण मी आता त्या खोलीत जाणार न्हाई. पोरींसमोरच टोचणार. हेडसरांना तुमी सांगा.”

“सांगतो,” पोपटराव म्हणाले. इतक्या तत्परतेनं त्यांनी आजवर कुठल्याच मतदाराचं काम अंगावर घेतलं नव्हतं.

हेडसरांचं म्हणणं होतं की बाकीच्या मुली घाबरतील. पोपटराव त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि घाबरणाऱ्या मुलींची नावं विचारू लागले. घरी जाऊन एकेकीच्या आईबापाशी बोलतो म्हणाले. चहा येण्याआधीच हेडसरांनी परवानगी दिली.

“काय म्हणल्या पोरी?” संध्याकाळी त्यांनी विचारलं.

“आधी तोंडं फिरवली. मग तनू म्हणली, मी धरू का पेन? मंग सगळ्याच म्हणायला लागल्या. नंबर लावून दिलेत.”

*

पुढच्या महिन्याच्या रविवारी दवाखान्याचा व्हरांडा भरला होता. पोपटराव अनूला घेऊन पायऱ्या चढतात तोच समोरून हाक आली.

“रामराम साहेब!”

शेवंताबाई. शेजारी त्यांचा मुलगा गोकुळ, आणि गोकुळच्या खांद्यावर माऊली. नेमकं त्याच वेळी डॉ. सारिका दारात आल्या.

“साहेब?” त्या म्हणाल्या.

“घर बघून गेल्यात की आमचं,” शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या. “लई बारकाईनं बघितलं. फ्रिजबी बघितला.”

अनू आजोबांकडं बघत होती. गोकुळ हात जोडून उभा होता. शेवंताबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, पण डोळे हसत होते. सरळ निघून जायचं तर पायऱ्या मागं होत्या. पोपटरावांनी टोपी नीट केली आणि सभेत उभं राहावं तसे उभे राहिले.

“व्हय मॅडम. पाहणी केली मी. घर चांगलं हाय. बाई हुशार हायत. पोराला पंपाची गरज हाय आन् ती आमच्या घरापेक्षा जास्त हाय.” ते क्षणभर थांबले. “फ्रिजात कोथमीर हाय. पण त्याचं काय न्हाई.”

डॉ. सारिकांनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं.

“पोपटराव, आमचं मागच्या आठवड्यातच ठरलंय. पंप माऊलीलाच आहे. तुम्हाला आणि अनूला कसं सांगावं, याच विचारात मी सकाळपासून होते.”

“म्हंजी ठरलंच हुतं?”

“ठरलंच होतं.”

पोपटरावांचे खांदे किंचित उतरले. एवढं भाषण आणि आधीच मंजूर झालेल्या ठरावावर. त्यांचा हात कुणीतरी धरला. अनू होती. तिनं त्यांची बोटं दाबली.

आत टेबलावर माऊलीला बसवलं. आज नुसतं मिठाचं पाणी भरून लावायचं होतं, त्याला आणि घरच्यांना सवय होईपर्यंत. डॉक्टर गोकुळला बटणं समजावून सांगत होत्या. माऊलीनं पोट आत ओढून धरलं होतं आणि अनूचा अंगठा मुठीत.

“दीदी, दुखतं का गं?”

“मला काय म्हाईत? मी कुठं लावलाय? तूच सांग आता मला.”

चिमटा बसल्यासारखा टक् आवाज झाला. माऊलीनं डोळे घट्ट मिटले, मग एक उघडला.

“मुंगी चावली,” त्यानं जाहीर केलं. “लाल न्हाई. काळी.”

सगळेच हसले. शेवंताबाई सर्वांत शेवटी हसल्या, कारण त्या नातवाच्या कमरेला लावलेल्या त्या इवल्या डबीकडं डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

पोपटराव डॉक्टरांजवळ सरकले. “मॅडम, फुडल्या साली किती येतील?”

“काही सांगता येत नाही. एखादा. कदाचित एकही नाही.”

“आन् मागणारी पोरं किती हायती?”

“मागत कुणी नाही हो. बऱ्याच जणांना पंप असतो हेच माहीत नाही.” डॉक्टरांनी काचेतून व्हरांड्याकडं बोट केलं. “गरज असलेली म्हणाल तर ती बाहेर बसलीत.”

पोपटरावांनी काचेतून पाहिलं. इतके महिने ते या व्हरांड्यातून अनूचा हात धरून सरळ आत येत होते. बाकांवर मुलं होती. एक मुलगी आईच्या मांडीवर झोपलेली, एक मुलगा गुडघ्यावर भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेला, दोन भाऊ एकाच ताटलीतलं डाळिंब मोजून खात असलेले. मोजमाप लहान भाऊ करत होता आणि मोठा ऐकत होता.

ते बाहेर गेले आणि पहिल्याच बाकावर, झोपलेल्या मुलीच्या आईशेजारी टेकले.

“कुठलं गाव, ताई?”

“मलठण.”

“हिचं नाव काय? कवा निघालं हे? लाइट जाती का तुमच्याकडं?”

बाई आधी बिचकल्या, मग बोलू लागल्या. पोपटरावांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ते पुढच्या बाकावर गेले. भूगोलवाल्या पोरानं पुस्तक मिटलं. “आजोबा, इलेक्शन हाय का?” त्यानं विचारलं, आणि ते मोठ्यानं हसले, पण उठले नाहीत. तो पोरगा कुठल्या शाळेत जातो, सुई कुठं बसून घेतो, डबा कुणासंगं खातो, हे त्यांना हवं होतं.

ऊन व्हरांड्यात शिरलं. माऊलीची गाडी कधीच टिंगटिंग करत फाटकाबाहेर पडली होती. अनू जीपपाशी दोनदा जाऊन आली.

“आबा, चला की! आजी जेवायची थांबली असंल.”

पोपटरावांनी मान वर न करताच हात हलवला.

“थांब गं. अजून दोन बाकं राह्यलीत.”